करवतीचा गळा

जिना चढून ती दाराशी आली, पर्समध्ये किल्ली चाचपू लागली, आणि आतून बाईचा आवाज आला. बाई गात होती. शब्द नव्हते, नुसता गळा; ओलसर, थरथरता, एका स्वरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणारा. दवाखान्यातलं यंत्र बिघडल्यामुळे ती आज दुपारीच परतली होती. या वेळी घरात असायला हवा होता तो एकटा नवरा, तोही तोंडावर पेपर घेऊन झोपलेला. तिचा हात पर्समध्येच राहिला. मनात पहिला विचार आला तो हा, की काय गळा आहे! आणि त्याचं शेपूट धरून दुसरा, की माझ्या घरात. गंमत म्हणजे दुसऱ्यापेक्षा पहिलाच जास्त झोंबला. घरात परकी बाई असली तर तिला हाकलता येतं, नवऱ्याला जाब विचारता येतो, तडक माहेरी निघून जाता येतं; जगाने त्यासाठी रीतसर वाटा पाडून ठेवल्या आहेत. पण त्या बाईला असा गळा असला तर त्याचं काय करायचं? शेजारच्या दारामागे कुणीतरी नळ बंद केला. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. ती तशीच उभी राहिली, दाराला कान न लावता. तिच्या कानांना कधी दारं आडवी आलीच नव्हती.

बंद दाराबाहेर बसून दुसरीचं गाणं ऐकणं तिला नवं नव्हतं. लहानपणी ताईला गाणं शिकवायला एक बाई यायच्या. दार लोटून दोघी आत बसायच्या आणि ही बाहेर, चपला ठेवायच्या फळीवर. शिकायचं खरं दोघींनी ठरलं होतं, पण बाईंनी पहिल्याच दिवशी दोघींना एकेक ओळ म्हणायला लावली आणि आईला सांगितलं, "मोठीला गळा आहे. धाकटीला कान आहे, गळा नाही." आईला ते इतकं नेमकं वाटलं की आल्यागेल्याला ती ते वाक्य चहाबरोबर देऊ लागली. जणू एकच गाणं दोन मुलींत वाटून दिलं होतं, एकीने म्हणायचं, दुसरीने ऐकायचं. आत ताई चुकली की फळीवर बसल्याबसल्या हिला कळायचं, कधी कधी बाईंच्याही आधी, आणि पोटात काहीतरी गोड, उबदार, वाईट हलायचं. पुढे ताईने गाणं सोडलं, लग्न करून दूरदेशी गेली, आता फोनवर फक्त सुनेबद्दल बोलते. गळा असा वाया गेला. कान मात्र पोट भरायच्या कामी आला. दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची हे तिचं काम. काचेची खिडकी असलेली एक बंद खोली, आत माणूस, त्याच्या कानांवर हेडफोन. बाहेर ती, समोर यंत्र. ती एक बारीक सूर सोडते, आतल्या माणसाला ऐकू आला की तो बोट वर करतो. मग त्याहून बारीक, मग त्याहून. खोटं बोट वर करणारी माणसं ती चेहऱ्यावरून ओळखते. ऐकू येणाऱ्या माणसाचा चेहरा क्षणभर गाभाऱ्यासारखा होतो. खोटं बोलणाऱ्याचा परीक्षेतल्यासारखा.

किल्ली फिरली तरी आवाज थांबला नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने बेडरूमचं दार ढकललं. नवरा स्टुलावर बसला होता, एकटा. गुडघ्यांत सुताराची करवत. तिची मूठ मांड्यांत आवळलेली, डाव्या हाताने पात्याचं टोक वाकवून धरलेलं, उजव्या हातात व्हायोलिनचा गज. पात्याच्या बिनदाती कडेवरून गज फिरत होता आणि त्या लोखंडातून बाई गात होती. त्याचे डोळे मिटलेले होते. ती समोर आली तरी त्याला पत्ता नव्हता. सावली अंगावर पडली तेव्हा तो दचकला.

"अगं! घाबरवलंस की. कधी आलीस?"

"झाला बराच वेळ. ही काय थेरं?"

"शिकतोय." तो आधी लाजला, मग हसला. "हात बसल्यावर सांगणार होतो. बाईसारखी वाटते की नाही?"

"कुठली बाई?"

"अगं, ही करवत!"

ती हसली. हसण्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने ही गोष्ट रंगवून सांगितली, तेव्हा नर्सच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण सांगता सांगताच तिच्या ध्यानात आलं, की दारामागची ती बाई करवत निघाली म्हणून कुठे निघून गेलेली नाही. ती घरातच होती. कपाटाला टेकून उभी असायची, पात्याला हलकं तेल लावलेलं, आणि नवरा खोलीत आला की त्याची नजर आधी तिच्याकडे जायची.

निवृत्त झाल्यापासून त्याला शिकण्याचं वेड लागलं होतं. उभा जन्म छापखान्यात गेला, मशीनच्या धडधडाटात, लोकांनी लिहिलेलं लोकांसाठी छापण्यात. आता त्याला स्वतःच्या हातांनी काहीतरी निरुपयोगी करायचं होतं. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी असलीच माणसं जमत. ज्याला जे चमत्कारिक येईल ते त्याने इतरांना शिकवायचं. एक जण लाकडी पायांवर चालायला शिकवी, एक जण ओठ न हलवता बोलायला. नवऱ्याने सुरुवात दोरीच्या गाठींपासून केली. महिनाभर घरात धड दोरी राहिली नाही. पडद्यांना त्याने खलाशांची म्हणून जी गाठ मारली ती त्यालाच सुटेना, शेवटी कात्री लावली. मग लाकडी पाय झाले, आणि गॅलरीतल्या दोन कुंड्या गेल्या. मग तोंडाने पक्ष्यांचे आवाज. त्यांतला एकही पक्षी जगात नसावा. प्रत्येक गोष्ट तो वाईट करायचा, आणि आनंदाने करायचा. सोललेलं कोपर मिरवत दारातूनच ओरडायचा, "आज भिंतीपर्यंत गेलो!" ती आयोडीनची बाटली काढायची, कापूस भिजवायची आणि मनात कुठेतरी जळायची. न जमणाऱ्या गोष्टीत एवढं सुख असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या घरात एक तर जमत असे, नाही तर फळीवर बसावं लागे. या माणसाला ही मुभा कुणी दिली? पन्नाशी ओलांडून, पोट सुटून, सगळ्या इमारतीसमोर कुंड्यांत पडायची?

करवत शिकवणारी दातांची डॉक्टर होती. घरात तिचं नाव 'बाई' पडलं. बाई म्हणतात, गज दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. बाई म्हणतात, डावा पाय हलवला की स्वर थरथरतो. 'बाई म्हणतात' शिवाय घास उतरेनासा झाला. ती मनातल्या मनात त्या बाईला दातवाली म्हणू लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. कारण बायकोने स्वयंपाकघरातून काही विचारलं की नवरा नुसतं "हो हो" म्हणायचा. पाव आणलास का? हो हो. पाव नसायचा. उद्या ताईचा फोन येणार आहे, घरी आहेस ना? हो हो. फोन यायचा तेव्हा स्वारी बाहेर. दोन-तीन वर्षं हे असंच चाललं होतं, पालथ्या घड्यावर पाणी. आणि दातवालीचं बोलणं मात्र स्वल्पविरामासकट पाठ.

म्हणून एका संध्याकाळी ती दाढ दुखते असं ठरवून दातवालीकडे गेली. नाव माहेरचं सांगितलं. खुर्ची मागे झुकली, डोक्यावरचा दिवा लागला, आणि जिच्याबद्दल महिनाभर विचार केला तो चेहरा वीतभर अंतरावर आला. दातवाली तिच्याच वयाची होती. रूप बेताचंच, चष्म्याच्या काचेवर पाण्याचे शिंतोडे. ते पाहून जरा बरं वाटतंय तोवर यंत्र सुरू झालं. त्याची ती शीळ, जिने भल्याभल्यांचे हात खुर्चीवर आवळतात, आणि तिच्याबरोबर दातवाली गुणगुणू लागली. आपण गुणगुणतोय हे तिच्या गावीही नव्हतं. यंत्राचा स्वर चढला की ही चढायची, उतरला की उतरायची, कधी त्याला सोडून वेगळीच वाट धरायची आणि बरोबर घरी परतायची. एक केसभर चूक नाही. ती आ वासून पडली होती, तोंडात दातवालीची बोटं, गालाखाली बधीरपणा, आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: हिला दोन्ही आहे. कान आणि गळा. एकाच बाईला दोन्ही देतात.

"दाढेला काही नाही, हिरडीखाली कीटण होतं, ते बधीर करून काढलं," दातवाली दिवा बाजूला करत म्हणाली. "पण झोपेत दात खाता का हो? फार झिजलेत. काही टेन्शन आहे?"

तिला बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली, तिचा अर्थ काहीही होऊ शकला असता.

"आणि माहेरचं नाव का सांगितलंत?" दातवाली हातमोजे काढताना हसली. "त्यांनी फोटो दाखवलाय तुमचा. तुमच्याबद्दलच बोलत असतात. म्हणतात, हिच्यासारखा कान अख्ख्या जगात नाही. या ना एकदा रविवारी."

ओठ बधीर असल्यामुळे हसू एकाच बाजूला आलं. रस्ताभर ती अर्ध्या तोंडाने चालत होती. नवऱ्याने कौतुक केलं होतं, तेही पाठीमागे, म्हणजे खरंच. आणि ते ऐकायला मिळालं कुणाच्या तोंडून, तर हिच्या. म्हणजे घरातली चांगली गोष्टसुद्धा आता तिकडून उसनी आणायची. आपलेच दात, आपलेच ओठ. तेही तिने बधीर करून दिलेले.

घरी तो वाजवत बसला होता. संपल्यावर त्याने मान वर केली. "कसं झालं? खरं सांग हं."

आयुष्यात कुणी तिला एवढं सरळ आमंत्रण दिलं नव्हतं. "खरं सांगू?" ती पर्स ठेवत म्हणाली. "खालचे स्वर ठीक आहेत. वर गेलास की प्रत्येक स्वर पडतो. एक नाही, दोन नाही, प्रत्येक. आणि तुला ते कळतही नाही. गाणाऱ्या माणसाला कोणी वरच्या पायरीवरून ढकलून द्यावं, तसं ऐकू येतं. रोज. मी रोज ऐकते."

त्याने गज खाली ठेवला. मग म्हणाला, "प्रत्येक?"

"प्रत्येक."

"बाई काही बोलल्या नाहीत."

"बाई सभ्य आहेत," ती म्हणाली. पोटात ते जुनं गोड काहीतरी हललं, आणि तिने दिवा लावायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

करवत जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेली. तो रविवारी घरीच राहू लागला. पेपर उघडून एकाच पानावर बसायचा. घर पुन्हा तिचं झालं. जेवताना आता 'बाई म्हणतात' नव्हतं. काहीच नव्हतं. चमच्यांचा आवाज, घड्याळाचा, फ्रिजचा. तिला सगळे ऐकू यायचे. जे हवं होतं ते अगदी हवं तसं मिळालं होतं, आणि ती दाढेखाली जीभ फिरवत बसायची, तिथे काही नसताना.

मग एका सकाळी दवाखान्यात पुढचा पेशंट आत आला तो नवराच निघाला. रांगेत बसून, हातात चिठ्ठी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून.

"तू इथे कसा?"

"तपासून घ्यायला. घरी तू तपासत नाहीस ना."

तिने नेहमीच्या आवाजात नेहमीच्या सूचना दिल्या. ऐकू आलं की बोट वर, कितीही बारीक असलं तरी. हेडफोन घालताना बोटांना त्याचे केस लागले, न विंचरलेले, मानेपाशी पांढरे. ती बाहेर येऊन काचेपलीकडे बसली. खालचा सूर, बोट लगेच वर. त्याच्या वरचा, बोट वर, जरा उशिरा. त्याच्या वरचा सोडला आणि ती थांबली. बोट मांडीवरच. तिने आवाज वाढवला. तो डोळे मिटून बसला होता, पाळी यायची वाट पाहणाऱ्या मुलासारखा, ओठांवर थोडं हसू, बोट तयार. तिने आणखी वाढवला. आणखी. आता तो सूर हेडफोनमधून सांडून, काचेतून पाझरून तिला इकडे ऐकू येत होता, आणि तो तसाच, त्या गोंगाटात, शांत. किती माणसं याच खुर्चीवर बसून गेली, किती बायका दाराशी उभ्या राहून तक्रार करून गेल्या, अहो, ऐकतच नाहीत हो हे. आणि तिने हसून प्रत्येकीला सांगितलं, ऐकत नाहीत असं नाही, ऐकू येत नाही. स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. छापखान्यातल्या मशीनने वरचं सगळं खाऊन टाकलं होतं, आणि तिचा आवाज होता तो नेमका बारीक, वरचा. ताईचा भरदार, खालचा आवाज त्याला अजूनही ऐकू आला असता. शेवटी बोट वर गेलं. त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, पास झाल्यासारखं.

"केव्हापासून?" बाहेर आल्यावर तिने विचारलं, त्याच्याकडे तोंड करून, सावकाश.

"छापखान्यात असतानाच थोडं होतं. मग वाढलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू दिवसभर हेच करतेस. तुझ्यासमोर नापास व्हायचं म्हणजे..." त्याने खांदे उडवले. "म्हटलं, हो हो म्हणत निभावून नेऊ."

तिचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात धरला. दारात पुढचा पेशंट उभा होता तरी धरला. इतक्या वर्षांची अढी निघाल्यासारखं आत काहीतरी सैल झालं, आणि नेमकं तेव्हाच, बिचारा भला माणूस, तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणाल्या, कानाने नका ऐकू, गुडघ्याने ऐका. करवतीची थरथर हाडात शिरते बघ. खालून वरपर्यंत येते, पार दातांत. मला तशी ऐकू येते. फार छान वाटतं."

तिने हात सोडला नाही. पण हातातलं ममत्व गेलं, नुसता हात उरला. पहिल्याच दिवशी. जिचं आयुष्य कानांत गेलं तिला वर्षानुवर्षं कळलं नाही, आणि दातवालीला पहिल्याच दिवशी. त्याचा बहिरेपणाही आधी दातवालीलाच भेटला होता.

त्या रविवारी तिने स्वतः स्टुलावर चढून चादर खाली काढली. "चल. मीही येते," ती मोठ्याने म्हणाली, आणि तो इतका खूश झाला की बूट उलटसुलट घालून निघाला.

हॉलमध्ये जुन्या पुस्तकांचा वास होता. एका कोपऱ्यात लाकडी पायांवरचा उंच माणूस छताच्या पंख्याला हात लावायचा प्रयत्न करत होता. खिडकीपाशी एक म्हातारी ओठ न हलवता स्वतःशीच भांडत होती. दातवालीने तिला पाहिलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. खुर्ची पुढे सरकवली, तिच्या गुडघ्यांत करवत दिली, मनगट हलकेच वळवून ठेवलं.

"एक सांगून ठेवते," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला इतरांपेक्षा जास्त त्रास होईल. एवढा कान असला की आपलं आपल्यालाच सहन होत नाही. मी पहिलं वर्षभर रडायचे."

ते ऐकून तिला पुन्हा राग आला. यातही ही पुढेच. तिने गज टेकवला. फरशीवरून कपाट ओढावं तसा आवाज निघाला. लाकडी पायांवरचा माणूस हसला, म्हातारीने न हलणाऱ्या ओठांनी 'अगंबाई' म्हटलं, नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. पुढचा स्वर वाईट, त्याच्या पुढचा त्याहून वाईट. प्रत्येक किती वाईट हे तिला केसभर अंतरापर्यंत कळत होतं, आणि या हॉलमध्ये आणखी एकीलाच कळत असणार हेही कळत होतं. थांबावं, उठावं, बाहेर जाऊन बसावं. पण गुडघ्यांत थरथर होती. कुणी सांगून समजली नसती अशी. हाडांतून चढत, कमरेत, पाठीत, खरंच दातांत येणारी. चुकलेल्या स्वराचीसुद्धा तेवढीच. ती वाजवत राहिली. लोकांनी हसून घेतलं आणि आपापल्या कामाला लागले. नवरा उंच माणसाच्या पायाची दोरी बांधायला वाकला. दातवाली पलीकडच्या टेबलाशी, पाठ करून कपात चहा ओतू लागली. तिने पातं आणखी वाकवलं, गज टोकाकडे नेला आणि श्वास सोडता सोडता ओढला.

तो आला. वरचा, बारीक, स्वच्छ. इतका सरळ की त्याला बाजूच नव्हती. क्षणभरच टिकला. तिच्या गळ्यातून आयुष्यात कधी निघाला नव्हता आणि कानाने मात्र कायम मागितला होता, तो हाच. तिने मान वर केली. नवरा हाकेच्या आत होता, तोंड याच बाजूला, आणि दोरीची गाठ मारत उंच माणसाला काहीतरी सांगून हसत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. पलीकडे दातवालीची चहाची धार मात्र थांबली होती. ती वळली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग दोघीही एकदमच हसल्या.

नवऱ्याने ते हसू पाहिलं. दोरी तशीच टाकून तो उठून आला. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागला.

"काय झालं? कशाला हसताय दोघी?"

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला आतून पाठ होतं, त्याची चवसुद्धा. सांगणं सोपं होतं. त्याचा हात धरून पात्यावर ठेवला असता, तोच स्वर पुन्हा शोधला असता, तर त्याला बोटांतून थोडा तरी मिळाला असता. तिने गज मांडीवर ठेवला.

"काही नाही," ती म्हणाली, आणि मुद्दाम हळू म्हणाली. हॉलमध्ये ते एकट्या दातवालीलाच ऐकू गेलं, आणि तिचं हसू मावळलं.